चव लागते ती नाकात

डब्यातले चार धने बोटांनी चुरडा आणि नाकाशी धरा. गोडसर, फुलांकडे झुकणारा जो वास येतो, त्यामागे मुख्यतः लिनालूल नावाचा एक रेणू असतो. धन्याच्या तेलाचा निम्म्याहून मोठा भाग हा एकटा रेणू व्यापतो. आता गंमत बघा. हाच लिनालूल मस्कत जातीच्या द्राक्षांत असतो, रिस्लिंगमध्ये असतो, व्हिओनिएमध्येही असतो. त्यामुळे वाइनचा पेला हुंगून कुणी ‘फुलांचा वास येतो’ म्हणालं, तर ते कवित्व नसतं. आमच्या वऱ्हाडातल्या वलगावच्या स्वयंपाकघरात रोज वापरला जाणारा रेणू नाशिकच्या बाटलीतून बाहेर आलेला असतो, एवढंच.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो आणि आजही ते थक्क होणं कमी झालेलं नाही. कारण धने ही फक्त सुरुवात आहे. शिराज वाइनला काळ्या मिऱ्यांचा वास येतो हे जाणकार अनेक वर्षं सांगत होते. पण तो कशामुळे येतो ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २००८ साली सापडलं. रोटुंडोन हा रेणू मिऱ्यांतही आहे आणि शिराजच्या द्राक्षाच्या सालीतही. लिटरभर लाल वाइनमध्ये तो १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या १६ अब्जांश भागाइतका असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या भाजलेल्या पिंपातून वाइनमध्ये येतं. घुसळलेल्या ताका-लोण्याचा जो वास, तो देणारं डायअसिटिल शार्डनेमध्ये सापडतं, आणि ते बनवणारे जीवाणूही दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंदच आहेत. सोविन्यों ब्लांमधला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास तर खरोखर ढोबळी मिरचीतल्याच रेणूचा असतो.

त्याच सोविन्योंमध्ये पिकल्या पेरूचा वासही येतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नवल तिथं आहे. द्राक्षाचा ताजा रस प्यायलात तर तो पेरू तुम्हाला सापडणार नाही. रसात तो वासाचा रेणू दुसऱ्या रेणूला जखडलेला असतो आणि तशा अवस्थेत त्याला वासच नसतो. यीस्ट रसातली साखर खाता खाता ही बेडी तोडतं, तेव्हा कुठे पेरू मोकळा होतो. द्राक्षात लपलेला वास आंबवल्यावर उघडा पडावा, ही किती विलक्षण गोष्ट आहे!

पण हे सगळे वास आपण घेतो कुठे? एक प्रयोग आत्ताच करा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेप चावा. थोडी गोडी जाणवेल, आणखी काहीच नाही. आता नाक सोडा. क्षणार्धात बडीशेप ‘बडीशेप’ होते. जी चव आपण आयुष्यभर जिभेच्या नावावर जमा केली, तिचा मोठा हिस्सा घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढलेल्या वासाचा असतो. जिभेच्या वाट्याला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्या पाचच चवी. उमामी जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली दाखवून दिली. नाकात मात्र वास ओळखणाऱ्या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आहेत. ते बनवणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली शोधली आणि त्याबद्दल त्यांना २००४चं नोबेल मिळालं.

म्हणूनच वाइन चाखणारी माणसं घोट तोंडात धरून ओठांच्या फटीतून हवा आत ओढतात. तो आवाज ऐकून परदेशी पाहुणे संकोचतात. मराठी माणसाने कशाला संकोचावं? आपण कढीचा भुरका मारतो तो असाच. भुरक्यात हवा द्रवातून सळसळत जाते, वासाचे रेणू सुटतात आणि मागच्या वाटेने नाकात पोचतात. कढी भुरकून खाल्ली की जास्त रुचकर लागते त्याचं कारण हेच आहे.

तुरटपणाची कथा वेगळी. आयुर्वेदाने सहा रसांत कषाय मोजला. आजचं शास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्शाच्या बाजूला धरतं. लाल वाइनमधली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ-गाल कोरडे, खरखरीत वाटू लागतात. कच्चा आवळा, जांभूळ, कोरा कडक चहा, सुपारी, सगळीकडे हाच व्यवहार. ज्या घरात आवळा आणि सुपारी दोन्ही असतात, तिथल्या माणसाला टॅनिन शिकवावं लागत नाही.

आता वलगावबद्दल. पेढी नदीच्या काठचं हे गाव गाडगेबाबांचं निर्वाणस्थान आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, हे त्यांनी कीर्तनांतून गावोगाव सांगितलं. शेजारचा वर्धा जिल्हा तर दारूबंदीचाच. अशा गावात बसून वाइनबद्दल लिहिताना मी बाबांचं म्हणणं बाजूला सारत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं वऱ्हाडात कुणाला दाखवावी लागत नाहीत. पण चाखणं आणि पिणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मी मनापासून मानतो. व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात खेळवतात आणि थुंकून टाकतात. गिळत बसले तर दहाव्या पेल्यानंतर त्यांचा निकाल कवडीमोलाचा ठरेल. घरातही तेच करावं: टेबलावर एक रिकामं पातेलं ठेवायचं, घोट थेंबभर असो की चमचाभर, पातेल्यात टाकायचा. गाडी चालवायची असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील, तर नुसतं हुंगा. निम्मी मजा तिथेच आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, ती पाळायचीच.

घरच्या अशा बैठकीसाठी बाटल्या एकाच जातीच्या नकोत. मुद्दाम सरमिसळ करावी, कारण फरक शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. माझ्या पसंतीची मांडणी अशी: दिंडोरीकडची एखादी फसफसती, मग नाशिकचं शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां, मग शिराज, मग सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची सांजोव्हेजे, आणि शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. हलकी आधी, भारी नंतर, गोड सर्वांत शेवटी. गोड आधी घेतली तर पुढची प्रत्येक वाइन अकारण आंबट लागते. पेल्यात ४० ते ५० मिलिलिटर पुरे. एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अख्खं घर आणि शेजारी उरकतात. पेला तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. त्या संध्याकाळी देवघरातली उदबत्ती लवकर लावून घ्या आणि स्वयंपाकघरात फोडणी नको. अंगाला अत्तरही नको.

वऱ्हाडात एक गोष्ट विशेष जपावी लागते, ती तापमानाची. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. लाल वाइन १६ ते १८ अंशांना आणि पांढरी ८ ते १२ अंशांना खरी बोलते. गरम झाली की नाकात मद्यार्क तेवढा शिरतो आणि बाकीचे सगळे वास त्याच्याखाली दबतात. लाल बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. खरं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीची रात्र निवडा.

पेला फिरवल्यावर काचेवरून खाली ओघळणाऱ्या धारा बघा. पुष्कळ जण त्यांना दर्जाची खूण समजतात. ती तशी नाही. काचेवरच्या पातळ थरातून मद्यार्क आधी उडतो, तिथला पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि जड झाल्यावर ती थेंबांनी खाली येते. जेम्स थॉमसन यांनी १८५५ साली हे उलगडून दाखवलं. दर्जाबद्दल त्या धारा काहीच सांगत नाहीत, पण मद्यार्क भरपूर आहे एवढं सांगतात. बघायला सुंदर दिसतात, हे मात्र खरंच.

या बाटल्यांमागच्या शेतीकडे वऱ्हाडी माणसाने जरूर बघावं. आपला वरूड-मोर्शीचा संत्राउत्पादक झाडाचं पाणी तोडून ताण देतो आणि आंबिया बहार घ्यायचा की मृग ते ठरवतो. म्हणजे झाडाचा ऋतू माणूस ठरवतो. नाशिकचा द्राक्षवालाही तेच करतो, फक्त त्याचं हत्यार कात्री. वेल इथे थंड देशांसारखा हिवाळी झोप घेत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. युरोपात वाइनची द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरात तोडतात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. कोरडे दिवस आणि थंड रात्री या काळात मिळतात, आणि रात्रीची थंडी द्राक्षातलं आम्ल टिकवते. राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात नाशिकला सोविन्यों आणि शेनिन लावलं, तेव्हा जुगार होता तो या हिवाळ्यावरच. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावात श्यामराव चौगुल्यांनी फसफसती वाइन करून परदेशी धाडली होती. शेनिनच्या घोटात जो तरतरीत आंबटपणा जिभेच्या कडेला झिणझिणतो, त्यात नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री आहेत.

चाखताना काय नोंदवायचं? आंबटपणा किती, तुरटपणा किती, कोणते वास, आणि घोट गेल्यावर चव किती सेकंद टिकते. हे शेवटचं घड्याळ लावून मोजता येतं आणि मला ते सगळ्यांत विश्वासाचं वाटतं. शब्द मात्र आपल्या घरचे वापरा. पुस्तकातलं ‘गूजबेरी’ आणि ‘कॅसिस’ कुणी चाखलंय? आमच्या एका बैठकीत काकूंनी शिराजचा पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “बाप्पा, ह्याले तं मिऱ्याचा वास येऊन राह्यला!” शेजारी बसलेल्या भाच्याने पुन्हा पुन्हा हुंगलं. “मामी, मले तं काहीच येत नाही,” तो म्हणाला. दोघंही खरं बोलत होते. साधारण दर पाच माणसांत एकाला रोटुंडोनचा वासच येत नाही; ते त्याच्या नाकाच्या जडणघडणीतच नसतं. एकाच पेल्यातून दोन माणसं दोन वेगळ्या वाइन चाखतात, आणि दोघांपैकी कुणीही चुकत नाही.

चूक होते ती डोळ्यांमुळे. २००१ साली बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाक शिकलेलं होतं, तरी डोळ्यांनी त्याला फिरवलं. त्यापेक्षाही बोलका पुरावा कॅलिफोर्नियाचा. रॉबर्ट हॉजसन यांनी तिथल्या राज्य मेळाव्याच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीन वेळा दिली. स्वतःच्या गुणांशी सुसंगत राहिले ते दर दहांत जेमतेम एक. बाटली झाकण्याने काय होतं, हे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये दिसलं होतं. झाकलेल्या बाटल्यांतून फ्रेंच परीक्षकांनी स्वतःच कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या ठरवल्या, पांढरीतही आणि लालमध्येही.

म्हणून घरी गुण देण्याआधी एक चाचणी कराच. तीन सारखे पेले घ्या. दोनांत एकच वाइन ओता, तिसऱ्यात दुसरी. चाखणाऱ्याने पाठ फिरवावी, कुणीतरी पेल्यांच्या जागा बदलाव्यात आणि मग चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा जमतं, म्हणून पुन्हा पुन्हा करा. वेगळा पेला वारंवार सापडत असेल तरच ‘ही अधिक चांगली’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. सापडत नसेल, तर स्वस्तातली बाटली घ्या आणि उरलेले पैसे वाचवा.

ज्यांना वाइनला हातच लावायचा नाही, त्यांनी हीच चाचणी संत्र्यांवर करावी. वरूडच्या एका बागेतला रस दोन पेल्यांत, मोर्शीच्या दुसऱ्या बागेतला तिसऱ्यात. डोळे मिटा, हुंगा, भुरका मारा, सेकंद मोजा. हातात पेला कशाचाही असो, नाक तेच आहे आणि सरावाने ते तीक्ष्ण होतं.