कालनिर्णय बघून काढलेले फोटो

डब्लिनमध्ये पक्ष्यांचे फोटो काढायचे तर लेन्सच्या आधी तिथी बघावी लागते. आमच्या स्वयंपाकघरात लटकणारं कालनिर्णय सणावारांपेक्षा याच कामाला जास्त येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ समुद्राला उधाण येतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डब्लिनच्या उपसागरात त्यात एक सोय आहे. इथे उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला आणि मग मध्यरात्री पूर्ण होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तीच भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे येते. आणि डिसेंबरात सकाळचे सहा काय नि संध्याकाळचे सहा काय, दोन्ही मिट्ट काळोखाचे. म्हणजे कामाचे दिवस महिन्यातून दोनदा, तेही थोडेच. त्यातला शनिवार-रविवार कुठला, पाऊस आहे का, वारा किती, ही चाळण लावल्यावर उरेल ते आपलं.

भरतीसाठी एवढी धडपड कशाला, तर नॉर्थ बुल आयलंडच्या खाजणासाठी. हे बेट दोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ नव्हतंच. डब्लिन बंदराच्या तोंडाशी वाळू साचायची, जहाजं अडकायची. त्यावर उपाय म्हणून १८२०च्या दशकात नॉर्थ बुल वॉल हा दगडी बांध पूर्ण झाला. बंदराचं तोंड मोकळं झालं, पण बांधाच्या उत्तरेला वाळू धरत गेली आणि पाच किलोमीटर लांबीचं बेट उभं राहिलं. १९३१मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं, १९८१मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. राजधानीच्या शहरात, घरांच्या रांगेसमोर, लोकलसारख्या डार्ट गाडीने जाता येईल अशा अंतरावर.

बेट आणि किनारा यांच्यामध्ये चिखलाचं मैदान आहे. ओहोटीच्या वेळी हजारो पक्षी त्यावर पांगलेले असतात आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी कडेला सरकत येतात. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी बेटावर जाणाऱ्या भरावाच्या रस्त्यावर पोचायचं आणि थांबायचं. या कामात चालणं कमी, थांबणं फार. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, तेव्हा रस्त्याच्या उत्तरेकडच्या पाण्याकडे तोंड करायचं, म्हणजे ऊन पाठीवर येतं. गुडघे टेकून, जमलं तर पालथं पडून, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणायचा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसता चिखल दिसतो; खाली वाकलं की मागचं पाणी आणि पलीकडचं हाऊथचं टेकाड धूसर होऊन मागे जातं. पँट भिजते. त्याला इलाज नाही.

हिवाळ्यातले इथले मानकरी म्हणजे ब्रेंट गूज. बदकापेक्षा थोडे मोठे, काळं डोकं, काळी मान, गळ्यावर तुटक पांढरा पट्टा. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय बेटांवर त्यांची वीण होते. तिथून ग्रीनलंड ओलांडून, आइसलंडमध्ये थांबून ते शरद ऋतूत आयर्लंडला येतात आणि एप्रिलच्या सुमाराला परततात. पंखांवर पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर ते त्याच वर्षीचं पिल्लू. आईबापांबरोबर पहिला प्रवास करून आलेलं. फोटोत या रेघा टिपल्या गेल्या तर त्याला माझ्या लेखी सूर्यास्ताच्या दहा फोटोंपेक्षा जास्त किंमत आहे, कारण त्या वर्षी वीण कशी झाली याचा अंदाज अभ्यासक थव्यातली अशी पिल्लं मोजूनच बांधतात.

या पक्ष्याचा फोटो मात्र सोपा नाही. काळं डोकं, त्यात काळाच डोळा, आणि मागे चकाकणारं पाणी. कॅमेरा चकाकीला भुलून सगळंच अंधारं करतो, म्हणून एक्स्पोजर हाताने वाढवायचं. शेजारीच छोटा बगळा उभा असला तर नेमकं उलट. तो पांढराफटक, त्याच्यासाठी कमी करायचं. हा आपल्या भातखाचरांतला छोटा बगळाच. आयर्लंडमध्ये मात्र त्याची वीण पहिल्यांदा झाली ती १९९७ साली, त्यामुळे इथल्या जुन्या पक्षिनिरीक्षकांना अजून त्याचं अप्रूप आहे. मला खंड्याचं. डब्लिनच्या दक्षिण भागातून वाहणाऱ्या डॉडर नदीवर जो निळा-नारिंगी छोटा खंड्या दिसतो, तो आपल्या नदी-तळ्यांवरच्या छोट्या खंड्याच्याच जातीचा. फांदी बघून ठेवायची आणि वाट बघायची, ही रीत दोन्हीकडे एकच.

प्रकाशाबद्दल मात्र इथे आलेला प्रत्येक मराठी हौशी माणूस आधी रडतो आणि मग हसतो. २१ डिसेंबरला डब्लिनमध्ये सूर्य भर दुपारी क्षितिजाच्या जेमतेम १३ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंश चढतो. दिवस साडेसात तासांचा. पण तो अख्खा दिवस तिरप्या, लांब सावल्यांच्या उजेडाचा असतो. आपल्याकडे अशा उजेडासाठी पहाटे उठून टेकडी चढावी लागते आणि आठ वाजता तो संपलेला असतो. इथे आकाश मोकळं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मिळतो. 'असेल तर' मोठं आहे, हे कबूल. तरी पाऊस हा इथे शत्रू नव्हे. सर येते, जाते, आणि मागून ऊन पडतं; त्या दहा मिनिटांसाठी लेन्स पुसायचं कोरडं फडकं खिशात हवं.

शहरातल्या फोटोंना हीच दहा मिनिटं लागतात. लिफी नदीवरचा हापेनी ब्रिज हा १८१६ सालचा ओतीव लोखंडाचा पूल. अर्ध्या पेनीच्या टोलमुळे त्याला हे नाव पडलं. त्याच्या कमानीचा फोटो डब्लिनमध्ये आलेला प्रत्येक जण काढतो, आणि बहुतेक फोटो सारखेच येतात: काळा फिल्टर लावून लांब एक्स्पोजर, पाण्याची साय झालेली, माणसं गायब. मला ही पद्धत आवडत नाही. पुलावरून पिशव्या सांभाळत, टोप्या धरत माणसं चाललेली असतात. तीच पुसून टाकायची तर मग उरलं काय? लिफीलाही भरती-ओहोटी आहे. ओहोटीला धक्क्याच्या शेवाळलेल्या भिंती उघड्या पडतात, भरतीला कमानीचं प्रतिबिंब पूर्ण होतं. वारा पडलेला हवा, एवढंच. आणि तो इथे क्वचित पडतो.

हौशी माणसाने काय टिपावं याचा इथला धडा एका धर्मगुरूने घालून दिला आहे. फादर फ्रान्सिस ब्राऊन यांना बिशप असलेल्या काकांनी कॅमेरा दिला होता. १९१२मध्ये ते टायटॅनिकवरून साउदम्प्टन ते क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, एवढाच प्रवास करून उतरले, म्हणून जहाजावर काढलेले त्यांचे फोटो वाचले. जग त्यांना त्या फोटोंसाठी ओळखतं. पण १९८५मध्ये त्यांच्या पेटाऱ्यात सुमारे ४२,००० निगेटिव्ह सापडल्या आणि त्यांत होते साधे आयरिश रस्ते, दुकानं, मुलं, कामगार. त्यांचा पेशा वेगळाच होता आणि फोटोंवर पोट नव्हतं. म्हणूनच तर ज्यासाठी कुणी पैसे दिले नसते असं सगळं त्यांनी टिपलं.

पोटाचा प्रश्न नसतो तिथे संयमाचा असतो. फीनिक्स पार्कमध्ये सतराव्या शतकापासून फॅलो हरणांचा कळप आहे. ऑक्टोबरमध्ये नर झुंजतात, जूनमध्ये पाडसं होतात. ५० मीटर अंतर ठेवा, खायला घालू नका, असं उद्यानाचं सांगणं असतं. तरी गाजर पुढे करून सेल्फी काढणारे दर रविवारी दिसतात. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांना असं आढळलं की कळपातली जवळजवळ चौथा हिस्सा हरणं माणसांकडून नेमाने खाणं घेतात. त्यांचे फोटो जवळून येतात, खरं आहे. पण तो हरणाचा फोटो राहत नाही, मागणाऱ्याचा होतो.

पक्ष्यांच्या घरट्यांबाबत तर कायदाच आहे. १९७६च्या वन्यजीव कायद्यानुसार संरक्षित पक्ष्याला घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणं गुन्हा आहे आणि घरट्यावरच्या पक्ष्याचे फोटो काढायला सरकारी परवाना लागतो. हिवाळी पाहुण्यांसाठी असा परवाना नाही, तिथे आपलीच लाज. डिसेंबर-जानेवारीत खाजणातलं गवत संपत आलं की ब्रेंट गूज शहरातल्या खेळाच्या मैदानांवर चरायला उतरतात. साडेसात तासांच्या दिवसात त्यांना पुढच्या हजारो किलोमीटरची चरबी साठवायची असते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून कुणी त्यांच्या अंगावर धावत जातो तेव्हा त्या साडेसात तासांतलाच वाटा तो खातो. दुर्बीण घेऊन रोज बेटावर येणारे एक आजोबा मला म्हणाले होते, "त्यांनी मान वर करून तुझ्याकडे बघितलं ना, म्हणजे तू आधीच फार जवळ आला आहेस." आजोबांकडे कॅमेरा नाही.

तेव्हा हिवाळ्यात डब्लिनला येणार असाल तर महागडी लेन्स नसली तरी चालेल. अमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर लगेचचा कोरडा दिवस निवडा, डार्टने राहेनी स्टेशनला उतरून समुद्राकडे चालत या आणि सकाळी अकराच्या आत भरावाच्या रस्त्यावर उभे राहा. थवा आपसूक उडतो. भरती पूर्ण झाली की त्याला बसायला जागाच उरत नाही. त्याला उडवायला जाऊ नका.