रंगाचे माप : प्रयोगशाळेत घडविलेला प्रकाशमापक

किनवट परिसरातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. त्यामुळे मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. असे पाणी दिसायला नितळच असते आणि उकळून फ्लोराइड जात नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत बोअरचे पाणी कोण नाकारणार? निदान त्यात काय आहे हे तरी कळावे, म्हणून आम्ही विद्यार्थ्यांसह हे उपकरण केले.

काळ्या कागदाने मढविलेल्या पुठ्ठ्याच्या डबीत मधोमध परीक्षानळी, एका बाजूस हिरवा एलईडी, समोर एलडीआर. प्रकाश घटला की एलडीआरचा रोध वाढतो. तो मल्टिमीटरवर वाचावा. ९ व्होल्टच्या बॅटरीला ४७० ओहमचा रोधक जोडावा, अन्यथा एलईडी जळतो. पहिल्या दिवशी आमचे आकडे सारखे बदलत होते. दोष खिडकीतील उन्हाचा होता! झाकण घट्ट बसविल्यावर ते स्थिरावले.

सराव पोटॅशियम परमँगनेटवर करावा. ते हिरवा प्रकाश शोषते, म्हणून एलईडी हिरवा. लिटरमागे १०, २०, ३०, ४० मिलिग्रॅमची द्रावणे करावीत. रोध थेट मांडल्यास आलेख वाकतो. रोधाचा लघुगणक मांडल्यास तो जवळजवळ सरळ येतो, कारण प्रकाशाचे शोषण घातांकी नियमाने (exponential) आणि एलडीआरचे वर्तन घात-नियमाने (power law) चालते. आमच्या मते हा आलेख हाताने काढणे हाच खरा धडा. बॅटरी उतरत जाते, म्हणून दर वेळी आधी शुद्ध पाण्याचे वाचन घ्यावे.

फ्लोराइडसाठी झिर्कोनियम-अलिझारिनचे तांबडे द्रावण लागते. फ्लोराइड त्यातील झिर्कोनियम ओढून घेते आणि तांबडा रंग पिवळ्याकडे झुकतो. म्हणून येथे आलेख उतरता येतो. अभिकारकात तीव्र आम्ल असल्याने ते शिक्षकांनीच ओतावे आणि सर्व नळ्यांना सारखाच वेळ द्यावा.

तुरटी फिरविलेले पाणी मात्र घेऊ नये. तुरटीतील ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते व आकडा खोटा कमी येतो. वाचन १ च्या आसपास वा वर आले, तर तोच नमुना प्लास्टिकच्या बाटलीत भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा.