झाकलेली सायकल का गंजते?



मृगाच्या सरी आल्या की बी-बियाणे, खते, वैरण यांची आपण काळजी घेतो. रोज डेअरीला दूध नेणारी आणि मुलीला हायस्कूलला पोचवणारी सायकल मात्र अंगणात उभी राहते. घरात जागा नसते, हे खरेच. म्हणून ती बाहेर ठेवूनच कशी टिकवावी, ते पाहू.

एका पावसाळ्यात पिकाची पाहणी करून एका शेतकऱ्याच्या घरी चहाला बसलो होतो. त्यांची नववीतली मुलगी चार दिवस शाळेला गेली नव्हती. सायकलची गंजलेली चेन चढावर तुटली, पोर पडली आणि गुडघा फुटला. वडील म्हणाले, "साहेब, रोज खताचं पोतं टाकून झाकत होतो की हो!" मी पोते उलटे करून झटकले. शिवणीतून पोटॅशचे लालसर खडे पडले.

म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठाच्याच जातीचे खत. ते हवेतला ओलावा ओढते आणि लोखंडाला झपाट्याने गंज चढवते. इतर खतांचे कणही ओल धरतात. गोठ्यातही तोच धोका आहे. जनावरांच्या मूत्रातले क्षार आणि तिथली दमट, उग्र हवा लोखंडाला मानवत नाही. म्हणून सायकल गोठ्यात किंवा खताच्या थप्पीशेजारी ठेवू नये.

जागा : आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा नैऋत्येकडून येतो. म्हणून घराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीलगत, पागोळ्यांच्या आत सायकल उभी करावी. चाकांखाली सपाट दगड किंवा विटा ठेवाव्यात, म्हणजे ती चिखलात राहणार नाही.

झाकण : रिकामी पोती उसवून दोन-तीन पाण्यांत खळखळून धुवावीत, वाळवावीत आणि जोडून शिवावीत. हे झाकण हँडलपासून अर्ध्या चाकापर्यंतच सोडून सुतळीने बांधावे. सायकल खालपर्यंत गुंडाळू नये. आत कोंडलेली वाफ उघड्या पावसापेक्षा जास्त गंजवते, कारण पावसानंतर वारा सायकल सुकवतो, पण कोंडलेली ओल जात नाही. शाळेत छप्पर नसेल तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी.

तेल : भिजून आल्यावर चिखल धुवावा आणि चेन कोरड्या फडक्याने पुसावी. आठवड्यातून एकदा प्रत्येक कडीवर मशीनच्या तेलाचा थेंब सोडून पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर माती बसते. खाण्याचे तेल वापरू नये, ते चिकट होते. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेल मुळीच लागू देऊ नये.

ब्रेक : ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. उतार येण्याआधीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यावी, हे मुलांना आवर्जून सांगावे.

पावसाळा संपल्यावर सीटची दांडी काढून सायकल उलटी करावी. नळीत साठलेले पाणी निघून जाते. मग दांडीला ग्रीस लावून ती परत बसवावी.

यंदा खत पेरून झाले की रिकामी पोती तशीच कोपऱ्यात टाकू नका. त्यातली दोन त्याच दिवशी धुऊन सायकलीसाठी बाजूला ठेवा.