दारच्या कुत्र्याचे पोट बिघडले तर

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडे पंगतीतली उरलेली शेवभाजी, भरीत दारच्या कुत्र्यापुढे सर्रास टाकले जाते. मुका जीव तृप्त झाला, असे आपल्याला वाटते. पण तिखट-तेलाने त्याचे पोट बिघडते, आणि कांदा-लसूण तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतात.

जुलाब लागले की खरी भीती अंगातले पाणी आटण्याची. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! त्याला सावलीत ठेवा, स्वच्छ पाणी थोडे थोडे, पण वरचेवर पाजा. मोठ्या कुत्र्याचे एखादे जेवण चुकले तरी चालते. मग मऊ भात आणि मीठ-मसाला न घालता उकडलेली कोंबडी द्यावी. आपल्या दुखण्या-तापाच्या गोळ्या मात्र देऊ नका. त्या त्याला विषासारख्या बाधू शकतात.

खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडून पाहा. ती लगेच बसली नाही, शौचात रक्त दिसले, किंवा पिल्लाला ओकाऱ्या-जुलाब लागले, तर त्याच दिवशी गुरांचा दवाखाना गाठा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून टोचून घ्यावी, हे बरे.