नावे सारखी, कुळे निराळी

भंडारा जिल्ह्यातील एकोडी गावी एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम असताना तेथे एक पत्र आले. धाकट्या सूनबाईंचे माहेर बालाघाटचे. घरची भाषा हिंदी. व्याह्यांनी लिहिले होते, ‘बिटिया की शिक्षा पूरी हो जाए, यही विनती है।’ लिपी बाळबोध, तेव्हा आजेसासूबाईंनी ते स्वतःच वाचले, आणि चष्मा काढून त्या म्हणाल्या, “अगबाई! हिने असा कोणता अपराध केला, की बापानेच शिक्षा मागावी?” घरात हशा पिकला. सूनबाई मात्र हसल्या नाहीत. विवाहामुळे त्यांची बी. ए.ची परीक्षा राहून गेली होती, व तो विषय काढण्यास या पत्राचाच काय तो आधार होता.

आमच्या मते दोष त्या वृद्धेचा नव्हे, लिपीचा. पत्र बंगालीत असते तर त्यांनी ते कोणाकडून तरी वाचवून घेतले असते. नागरी अक्षर दिसले की भाषाही आपलीच, असे आपण गृहीत धरतो.

वास्तविक सहा वेदांगांतील ‘शिक्षा’ म्हणजे वर्णोच्चाराचे शास्त्र. मूळ धातूचा अर्थ शिकणे हाच. हिंदीने तो राखला. मराठीत शिकण्याचा भाग ‘शिक्षण’ या शब्दाने घेतला व शिक्षेच्या वाट्यास दंड तेवढा उरला. (पंतोजींची छडी आठवली म्हणजे याचे फारसे नवल वाटत नाही.) ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा, ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरप्रपंच. तरीही ही एकाच घराण्याची वाटणी झालेली भावंडे होत.

दुसरी जात याहून फसवी; तीत रूप एक, पण नाते मुळीच नाही. हिंदी ‘खाली’ म्हणजे रिकामा, तो अरबीतून आला. मराठी ‘खाली’ म्हणजे तळाकडे, त्याचे कूळ देशी. आपण ‘जागा खाली करा’ म्हणतो तेव्हा मात्र अरबी शब्दच वापरीत असतो. माणसाचे नाव ‘नामन्’पासून, नदीतील नाव ‘नौ’पासून. जुन्या लेखनात पहिल्यावर अनुस्वार देऊन ‘नांव’ असे लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तो गेला, आणि दोघी दिसण्यात सारख्या झाल्या. एकोडीच्या परिसरातील झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून डोळ्यास ‘डोरा’ म्हणतात. हिंदीत ‘डोरा’ म्हणजे दोरा. ‘डोरा दुखतो’ हे ऐकून बालाघाटच्या पाहुण्याने काय समजावे?

१९५६ पर्यंत भंडारा व बालाघाट एकाच राज्यात होते. पुढे मध्ये राज्याची सीमा आली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. तेव्हा अशी पत्रे येतच राहणार.

त्या दिवशी सायंकाळी थोरल्या दिरांनी पत्राचा खरा अर्थ सांगितला. आजेसासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग सूनबाईंस हाक मारून त्यांनी परीक्षेचा अर्ज केव्हा भरावयाचा असतो, ते विचारले.