एकाच पावसाचीं दोन रूपें

डहाणूचा किनारा व तलासरीचा डोंगराळ मुलूख यांवर पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारे एकच आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोहोंकडे विपुल पर्जन्य होतो. असें असूनहि घोलवडास चिकूच्या वाड्या बाराहि महिने हिरव्यागार असतात, आणि पूर्वेकडील डोंगरपाड्यांतील स्त्रियांना उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं दूरची वाट चालावी लागते. असें कां व्हावें? मनुष्याच्या उद्योगाचा व पैशाचा भाग यांत आहेच. परंतु या भेदाचा पाया ऊन, वारा, पाणी, खडक व माती या निर्जीव वस्तूंनीं घातलेला आहे.

प्रथम खडकाचा विचार केला पाहिजे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेला शिलारस थिजून येथील काळा पाषाण झाला. तो इतका घट्ट आहे कीं, जेथें भेगा असतील तेथेंच पाणी मुरतें. बाकीचें पाणी उतारावरून धांवत सुटतें व मातीहि बरोबर नेतें. म्हणून वरकस जमिनीवर मातीचा पातळ थर राहतो. तेथें नागली व वरई तेवढी पिकते. वाहून आलेली माती खलाटींत सांचते. तेथें भात होतें. पाऊस सरला कीं ओहोळ लवकरच आटतात आणि दुसरें पीक येत नाहीं. मग कित्येक वारली कुटुंबें वीटभट्ट्यांवर व वाड्यांत मजुरीसाठीं घर सोडतात. खडकाचा गुण असा माणसाच्या संसारापर्यंत पोंचतो.

किनाऱ्यावर समुद्र निराळें काम करतो. पाणी जमिनीपेक्षां सावकाश तापतें व सावकाशच निवतें. त्यामुळें तेथें उन्हाची वा थंडीची तीव्रता कमी असते व हवा दमट राहते. चिकू हें मूळचें मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील झाड. त्यास ही हवा व निचऱ्याची खोल जमीन मानवली. घोलवडच्या फळाच्या गोडीचें श्रेय तेथील मातींतील चुन्याच्या अंशास दिलें जातें. सन २०१६ मध्यें ‘डहाणू घोलवड चिकू’ यास भौगोलिक मानांकन मिळालें.

परंतु किनाऱ्याची ही समृद्धि नाजूक आहे. तेथें जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोड्या पाण्याचा उपसा अतिरेकी झाला कीं खारें पाणी विहिरींत शिरतें, आणि मग बाग वांचविणें कठीण. या मुलखाचा नाजूकपणा ओळखूनच केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला व उद्योगधंद्यांसाठीं जास्तींत जास्त ५०० एकरांची मर्यादा घातली.

पाऊस वाढविणें किंवा पाषाण मऊ करणें मनुष्याच्या हातीं नाहीं. परंतु उतारावर बांध घालणें, झाडें राखणें व विहिरीचें पाणी बेतानें उपसणें हें त्याच्या हातीं खास आहे. धांवतें पाणी चालतें झालें, चालतें पाणी थांबतें झालें, कीं त्याच पावसांत डोंगरावरचा झरा कांहीं दिवस अधिक टिकतो. डोंगरपाड्यावरील घरांस ते दिवस लाखमोलाचे असतात.