गिटारचे मोड्स घोकताय? आधी 'सा' पक्का करा

गिटार शिकणारे अनेक जण डोरियन, लिडियन वगैरे सात मोड्स सात पॅटर्न म्हणून घोकतात. बोटं पळतात, पण कानाला सगळं सारखंच वाटतं. कारण पॅटर्न बदलला तरी कान जुनाच 'सा' धरून बसतो.

इथे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) कामी येतात. त्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसवले. त्यातले सहा, निदान स्वरांपुरते, मोड्सच आहेत: बिलावल म्हणजे आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी एओलियन. उरलेल्या लोक्रियनमध्ये पंचमच नाही, त्याच्या जोडीचा थाटही नाही.

तानपुरा अ‍ॅपवर 'सी' लावा. सहाव्या तारेवर फ्रेट ८, १०, १२. पाचवीवर ८, १०, १२. चौथीवर ९, १०. हा बिलावल. पाचवीवरचा ८ सोडून ९ घ्या, मध्यम तीव्र: कल्याण. तो परत ८ वर आणा आणि चौथीवरचा ९ ऐवजी ८ घ्या, निषाद कोमल: खमाज. एकच स्वर सरकला, पण रंग लगेच बदलतो. (राग एवढ्याने होत नाही, त्याला चलन लागतं.) आता सहावीवरचा १२ चा गंधार ११ वर आणा, की काफी.